डेनिस रिची : प्रोग्रामला मागायला शिकवणारा माणूस



आपल्या घरातलं किंवा वर्गातलं एखादं मूल डिप्लोमाला, बीसीएला किंवा इंजिनिअरिंगला गेलं की पहिल्या वर्षी त्याची सी भाषेशी गाठ पडते. पडद्यावर दोन शब्द छापणारा छोटा प्रोग्राम ते लिहितं. प्रिंटएफ लिहिलं, कंसात मजकूर टाकला, छापून आलं. मूल खूश, आपणही खूश. पण तुम्ही कधी विचार केलात का, की ती अक्षरं पडद्यावर नेमकी कोण उमटवतं? मुलाचा प्रोग्राम? मुळीच नाही. त्याला पडद्याला हात लावायची परवानगीच नसते. तो फक्त विनंती करतो. ही विनंती कशी करायची, याची जी पद्धत आज जगभर चालते, ती घडवणाऱ्यांपैकी एक म्हणजे डेनिस रिची. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

जन्म आणि शिक्षण

डेनिस मॅकअलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिल इथे झाला. वडील ॲलिस्टर रिची बेल लॅब्ज या प्रसिद्ध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. टेलिफोनच्या जोडण्या ज्यावर चालतात त्या स्विचिंग सर्किट्सवरच्या एका पुस्तकाचे ते सहलेखक. डेनिस यांचं शालेय शिक्षण न्यू जर्सीतल्या समिट गावी झालं. पुढे हार्वर्ड विद्यापीठातून १९६३ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. तिथेच संगणकावरचं एक व्याख्यान ऐकलं आणि त्यांचं मन भौतिकशास्त्राकडून संगणकाकडे वळलं.

नंतर त्यांनी हार्वर्डमध्येच गणिताच्या अंगाने संशोधन केलं. १९६८ मध्ये प्रबंधही लिहून झाला. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधणी केलेली प्रत जमा करायची असते, ती काही त्यांनी केली नाही. त्यामुळे डॉक्टरेट राहिली ती राहिलीच! पालकांनो, याचा अर्थ पदवी बिनमहत्त्वाची असा काढू नका. पण पदवीच्या कागदाशिवायही हा माणूस काय करून गेला, ते पुढे पाहाच.

बेल लॅब्ज आणि एक मोडलेला प्रकल्प

१९६७ मध्ये रिची न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. तेव्हा बेल लॅब्ज, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून मल्टिक्स नावाची एक प्रचंड ऑपरेटिंग सिस्टिम तयार करत होते. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावं, हा तिचा हेतू. काम लांबत गेलं, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतलं.

रिची आणि त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांना मात्र चैन पडेना. त्याच वर्षी थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या जुन्या, छोट्या संगणकावर स्वतःची सुटसुटीत सिस्टिम लिहायला घेतली. रिची सोबतीला होतेच. हीच पुढे युनिक्स म्हणून जगप्रसिद्ध झाली. १९७१ पर्यंत ती पीडीपी-११ या नव्या यंत्रावर आली. त्या यंत्राची स्मृती किती होती माहीत आहे? फक्त २४ किलोबाइट! त्यातले १६ सिस्टिमला आणि उरलेले ८ वापरणाऱ्यांच्या प्रोग्रामला. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही एवढ्यात मावणार नाही. पण एवढ्याशा यंत्रावर संस्थेच्या पेटंट विभागातले टंकलेखक रोजचं काम करू लागले.

कर्नल आणि त्याची खिडकी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हा भाग मुलांना समजावताना आपल्या शाळेचं कार्यालय डोळ्यांसमोर आणा.

एखाद्या विद्यार्थ्याला बोनाफाइड दाखला हवा असतो. तो थेट कार्यालयात शिरून जनरल रजिस्टर उघडून स्वतःच दाखला लिहून घेतो का? नाही ना! तो खिडकीवर अर्ज देतो. लिपिक अर्ज बघतो, रजिस्टरात नाव तपासतो, सगळं बरोबर असेल तर दाखला खिडकीतून बाहेर देतो. विद्यार्थ्याचा हात रजिस्टरला लागत नाही. लागू दिला तर एखादा चुकून, एखादा मुद्दाम दुसऱ्याची जन्मतारीख बदलून ठेवेल.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. तो हे कार्यालय. डिस्क, स्मृती, कीबोर्ड, पडदा हे सगळं त्याच्या ताब्यात. आपण लिहितो ते प्रोग्राम म्हणजे बाहेरचे विद्यार्थी. आणि खिडकीवर दिलेला अर्ज म्हणजे सिस्टिम कॉल.

प्रत्यक्षात काय घडतं, बघा. प्रत्येक सिस्टिम कॉलला एक क्रमांक असतो. तो क्रमांक आणि लागणारी माहिती ठरलेल्या जागी ठेवून प्रोग्राम एक खास यंत्र-आज्ञा देतो. ती मिळताच प्रोसेसर साध्या अवस्थेतून विशेषाधिकाराच्या अवस्थेत जातो आणि कर्नलने आधीच ठरवून ठेवलेल्या पत्त्यावर पोहोचतो. इथेच खरी मेख आहे, बरं का! आत कुठे शिरायचं हे प्रोग्राम ठरवत नाही, कर्नल ठरवतो. मग कर्नल अर्ज तपासतो, काम करतो, उत्तर देतो आणि प्रोसेसरला पुन्हा साध्या अवस्थेत आणून प्रोग्रामकडे सोपवतो.

ही कल्पना रिचींनी शोधली असं मात्र मुलांना सांगू नका. इंग्लंडच्या मँचेस्टरमधल्या ॲटलस संगणकात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अशी सोय होती. मल्टिक्समध्येही होती. गंमत म्हणजे युनिक्सच्या सुरुवातीच्या यंत्रांमध्ये खिडकी होती, पण भिंतच नव्हती! स्मृतीचं संरक्षण करणारी यंत्रणा त्यांत नसल्याने एखादा चुकलेला प्रोग्राम सगळ्यांचं काम बंद पाडू शकत असे. नवा प्रोग्राम चालवून पाहायचा म्हणजे धाडसच. पुढे पीडीपी-११/४५ हे यंत्र आलं आणि कर्नलची अवस्था वेगळी, वापरणाऱ्याची वेगळी, अशी पक्की भिंत मिळाली.

मग थॉम्पसन आणि रिची यांचं मोठेपण कशात? त्यांनी खिडक्या कमी ठेवल्या आणि अर्जाचा नमुना सोपा ठेवला. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत चाळीसच्या आतच सिस्टिम कॉल आहेत. ओपन म्हणजे उघड, रीड म्हणजे वाच, राइट म्हणजे लिही, क्लोज म्हणजे बंद कर. फोर्क म्हणजे स्वतःसारखाच दुसरा प्रोग्राम चालू कर, वेट म्हणजे तो संपेपर्यंत थांब. डिस्कवरची फाइल असो की टाइपरायटरसारखं यंत्र, रीड आणि राइट तेच. त्या काळी अनेक सिस्टिम्समध्ये प्रत्येक उपकरणासाठी वेगळी तऱ्हा शिकावी लागे. इथे एक नमुना शिकला की पुष्कळ ठिकाणी चालला.

त्याच पुस्तिकेतली आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी. प्रत्येक आज्ञेची माहिती संपताना तिच्यातले ज्ञात दोष लिहायला स्वतंत्र मथळा असे. आपल्या कामातली उणीव आपणच छापायची! प्रकल्पवही तपासताना हा मथळा मुलांना जरूर द्या.

सी भाषा कशासाठी आली?

सुरुवातीचं युनिक्स यंत्राच्या अगदी जवळच्या असेंब्ली भाषेत होतं. यंत्र बदललं की सगळं पुन्हा लिहा. थॉम्पसन यांनी बी नावाची छोटी भाषा केली होती. तिच्यात सुधारणा करत करत रिचींनी १९७१ ते १९७३ या काळात सी भाषा घडवली, आणि १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल सी मध्ये पुन्हा लिहिला गेला.

याचा आपल्या विषयाशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. सांगतो. सी मध्ये सिस्टिम कॉल साध्या फंक्शनसारखा दिसतो. रीड लिहायचं, कंसात माहिती द्यायची, झालं. त्या फंक्शनच्या पोटात ती खास यंत्र-आज्ञा दडलेली असते. यंत्र बदललं तर पोटातला तेवढा भाग बदलायचा. बाहेरून रीड हे रीडच राहतं. म्हणूनच १९७७-७८ च्या सुमारास रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या यंत्रावर नेऊन दाखवलं.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि रिची यांचं सी भाषेवरचं गाजलेलं पुस्तक आलं. त्याचं शेवटचं, म्हणजे आठवं प्रकरण युनिक्सच्या या खिडकीवरच आहे. पुष्कळ वर्गांत मात्र अभ्यास पॉइंटर आणि फाइलपाशी थांबतो. मुलं प्रिंटएफ पाठ करतात, पण तो अक्षरं गोळा करून शेवटी राइट या सिस्टिम कॉलकडेच जातो, हे त्यांना ठाऊक नसतं.

अधिकार उसना देण्याची युक्ती

रिचींच्या नावावर एक पेटंटही आहे. प्रश्न असा होता : सगळ्यांचे पासवर्ड ज्या फाइलमध्ये आहेत, ती कुणालाही बदलता येता कामा नये. पण प्रत्येकाला आपला स्वतःचा पासवर्ड तर बदलता आला पाहिजे. मग करायचं काय?

रिचींनी तोड काढली. एखाद्या प्रोग्रामवर अशी खूण करायची की तो कुणीही चालवला, तरी चालू असेपर्यंत त्याला त्याच्या मालकाचे अधिकार मिळतील. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन शिपाई कपाट उघडतो, तसंच हे. अधिकार पत्रात लिहिलेल्या कामापुरता, शिपाई कपाटाचा मालक होत नाही. या सेट-यूआयडी युक्तीचं पेटंट १९७९ मध्ये मिळालं आणि पुढे ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं.

सन्मान आणि अखेर

१९८३ मध्ये थॉम्पसन आणि रिची यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रातला हा सर्वोच्च सन्मान. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं, २०११ मध्ये जपान पुरस्कार. ते २००७ मध्ये निवृत्त झाले, आणि चाळीस वर्षं त्यांनी त्याच एका संस्थेत काढली.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी रिची न्यू जर्सीतल्या आपल्या घरी मृतावस्थेत आढळले. वय ७० वर्षं. ते एकटेच राहत असत. त्याच्या आठवडाभर आधी स्टीव्ह जॉब्ज गेले होते आणि जगभर त्यांच्यासाठी फुलं वाहिली जात होती. रिचींची बातमी त्या मानाने फार थोड्यांपर्यंत पोहोचली. खरं तर ज्या आयफोनसाठी लोक हळहळत होते, त्याची सिस्टिमही युनिक्सच्याच वंशातली.

आणि वारसा किती टिकला म्हणता? युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत फोर्कचा क्रमांक २, रीडचा ३, राइटचा ४, ओपनचा ५ आणि क्लोजचा ६. वीस वर्षांनी, १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने इंटेलच्या ३२ बिट यंत्रासाठी लिनक्स लिहिलं, त्यातही हेच क्रमांक! आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच कर्नल असतो. आज लिनक्समध्ये तीनशेहून अधिक सिस्टिम कॉल आहेत, पण रोजच्या राबत्याच्या खिडक्या अजून त्या जुन्याच.

वर्गात काय कराल?

शाळेत किंवा घरी लिनक्स असलेला संगणक असेल तर एस-ट्रेस ही सोय त्यावर घ्या. मुलाने लिहिलेला तो पहिला छोटा प्रोग्राम तिच्यामार्फत चालवा. प्रोग्रामने कर्नलकडे केलेली प्रत्येक विनंती ओळीने पडद्यावर दिसेल. त्या यादीत राइट शोधायला सांगा. आपलेच दोन शब्द त्या ओळीत दिसले की मुलांचे चेहरे बघा!

दुसरा प्रयोग नकाराचा. वाचायची परवानगी नसलेली फाइल उघडायला लावा. ओपन उणे १ हे उत्तर देईल आणि नकाराचं कारणही क्रमांकाच्या रूपात ठेवून जाईल. बहुतेक मुलं हे उत्तर तपासतच नाहीत आणि पुढचा सगळा प्रोग्राम कोसळतो. मागितलं म्हणजे मिळालंच असं धरून चालायचं नाही, आधी उत्तर बघायचं आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं, ही सवय इथेच लागली पाहिजे. नोकरीला लागल्यावर बँकेचा किंवा दवाखान्याचा प्रोग्राम त्यांच्याच हातून लिहिला जाणार आहे. तिथे न तपासलेल्या एका नकारापायी कुणाचे पैसे किंवा कुणाचा अहवाल हरवू शकतो.

तेव्हा यंदा सी शिकवताना प्रिंटएफपाशी थांबू नका. आणखी एक तास काढा आणि मुलांना त्या खिडकीपर्यंत घेऊन जा.