डिग्री नसलेला प्रोफेसर

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

मागच्या सेमिस्टरला 'सी'च्या प्रॅक्टिकलमध्ये २ चा घन काढायला मी २^३ लिहिलं. उत्तर आलं १! सगळी लॅब हसली. 'सी'मध्ये ते चिन्ह घाताचं नाही, एक्स-ऑरचं आहे. दोन बिट वेगळे असले तरच १, नाहीतर ०. २ म्हणजे १०, ३ म्हणजे ११. शेवटचाच बिट वेगळा, म्हणून ०१. राग आला आणि हे लॉजिक काढलं तरी कोणी, ते शोधायला बसले. तिथे भेटला जॉर्ज बूल.

बूलचा जन्म १८१५ साली इंग्लंडमधल्या लिंकन गावात झाला. वडील बूट शिवायचे, पण जीव दुर्बिणींत अडकलेला. धंदा बुडाला आणि सोळाव्या वर्षी जॉर्ज मास्तरकी करून घर चालवू लागला. कॉलेजचं तोंड न बघता तो फ्रेंच, ग्रीक आणि वरचं गणित घरीच शिकला. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीचं पदक मिळालं. १८४९ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात, क्वीन्स कॉलेजात तो गणिताचा प्रोफेसर झाला, तेही डिग्रीशिवाय!

१८५४ च्या पुस्तकात त्याने तर्कशास्त्राचं बीजगणित करून टाकलं. खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०, 'आणि' म्हणजे गुणाकार. गंमत म्हणजे 'किंवा'साठी त्याची बेरीज दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या नसतील तिथेच चालायची. दोन्ही चालणारा आपला साधा 'ऑर' नंतरच्यांनी आणला. म्हणजे ज्या चिन्हाने माझं हसं केलं, तेच बूलच्या जास्त जवळचं!

१८५५ मध्ये त्याने मेरी एव्हरेस्टशी लग्न केलं. शिखराला ज्यांचं नाव आहे, त्या जॉर्ज एव्हरेस्टची ही पुतणी. त्यांना पाच मुली झाल्या.

पाऊस आला की आपण लेक्चर बंक करतो. १८६४ मध्ये बूल मात्र भर पावसात तीनेक मैल चालत गेला आणि ओल्या कपड्यांतच लेक्चर घेतलं. न्यूमोनिया झाला आणि ८ डिसेंबरला तो गेला. वय फक्त ४९.

कॉम्प्युटर त्याने पाहिलाच नाही. १९३७ मध्ये क्लॉड शॅननने एमआयटीतल्या प्रबंधात दाखवलं की स्विच आणि रिले बूलच्याच नियमांनी चालतात. हॉस्टेलच्या जिन्यातला दिवा बघा. खालचं किंवा वरचं, कुठलंही एक बटण दाबा, दिवा बदलतो. तो एक्स-ऑरच!

डिग्री नको असं मी म्हणत नाही, सर रागावतील. पण माझी एक केटी आहे, आणि यावेळी मी फक्त पास होण्यासाठी वाचत नाहीये.