ओठाला ओठ न लावता रामायण लिहिणारे बारामतीचे मोरोपंत

बारामती म्हटलं की डोक्यात आधी राजकारण येतं, मग ऊस. पण अडीचशे वर्षांपूर्वी या गावात एक कवी राहत होता, ज्याची कविता तुम्हीही घोकली असण्याची शक्यता आहे. शाळेत चांगली संगत मागणारी प्रार्थना म्हणायचो ना? ती मोरोपंत पराडकरांची.

पंत मूळचे बारामतीचे नव्हेत. घराणं कोकणातलं, जन्म १७२९ चा, पन्हाळ्यावरचा. तिथेच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये यांच्याकडे ते संस्कृत काव्य शिकले. पंचविशीच्या आसपास बारामतीला आले. इथले बाबूजी नाईक बडे सावकार, पेशव्यांचे सोयरे, आणि तरीही १७४० मध्ये नानासाहेबांच्या विरोधात पेशवेपदासाठी उभे राहिलेले. असा तालेवार आश्रयदाता मिळाला. पंत त्यांच्याकडे पुराण सांगू लागले आणि कऱ्हेकाठी चाळीस वर्षं लिहीत राहिले.

किती लिहिलं? एकट्या महाभारताच्या सतरा हजारांच्या आसपास आर्या. रामायणं तर १०८ लिहिली असं सांगतात. त्यातलं एक 'निरोष्ठ रामायण'. यात ओठ जुळवून उच्चारायचं एकही अक्षर नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. आता गंमत बघा, 'राम' या शब्दातच 'म' आहे. रामाचं नाव न घेता रामाची गोष्ट सांगायची!

इथेच पंतांवरचा जुना आक्षेप येतो. ही कारागिरी झाली, यात हृदय कुठे आहे? विष्णुशास्त्री चिपळूणकरांना निबंधमालेतून त्यांची बाजू घ्यावी लागली. खरं सांगायचं तर आज पानावर सलग वाचताना त्या यमकांचा शीण येतोच. पण आर्या कानासाठी होती. बारा मात्रा, मग अठरा, पुन्हा बारा, पुन्हा अठरा. शेवटी तीच अक्षरं वेगळा अर्थ घेऊन परत येतात. कीर्तनकार तिथे क्षणभर थांबला की समोरचा श्रोता ते यमक मनात आधीच जुळवू लागतो. रामजोशी नावाचा सोलापूरचा तमासगीर शाहीर पंतांशी गाठ पडल्यावर कीर्तनाकडे वळला आणि त्याने या आर्या लोकांपर्यंत नेल्या, अशी गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते.

आणि मग म्हातारपणी 'केकावली' आली. केका म्हणजे मोराची हाक, आणि मोर कोण हे नावातच आहे. इथे आर्या नाही. सतरा अक्षरांच्या पृथ्वी वृत्तातले सुमारे १२० श्लोक आहेत, आणि त्यात पंत देवाशी भांडतात. इतरांना तारलंस, मग माझीच पाळी आल्यावर उशीर का, असा एकूण सूर. विनवणी, टोमणे, वकिली, सगळं. यमक, अनुप्रास इथेही आहेत, पण ते मोजायचं भान राहत नाही. कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या कथा सांगणारा पुराणिक इथे स्वतःसाठी काही मागतोय. माझ्या मते पंत वाचायचेच असतील तर सुरुवात इथून करावी. ती शाळेतली प्रार्थनाही यातलीच.

१७९४ च्या चैत्री पौर्णिमेला बारामतीतच पंत गेले. केकावलीतलं भांडण तेव्हा मिटलं होतं का, हे ज्याने त्याने वाचून ठरवावं.