कमला सोहोनी: वालातलं प्रोटीन पकडणारी शास्त्रज्ञ

आमच्या जळगावात डाळ मिल ढीगभर, पण डाळींच्या प्रोटीनवर काम केलेल्या या मराठी बाईंचं नाव मी इंजिनिअरिंग संपल्यावर ऐकलं. कमला भागवत, लग्नानंतर सोहोनी. लेखिका दुर्गा भागवतांची बहीण.

१९३३ मध्ये मुंबईत बीएस्सी करून त्या बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या नोबेल विजेत्यासमोर अडून बसल्या, तेव्हा वर्षभराच्या अटीवर घेतलं. म्हणजे ट्रायल व्हर्जन! तिथे दूध आणि डाळींच्या प्रोटीनवर काम, मग केंब्रिज. बटाट्यात सायटोक्रोम सी हे प्रोटीन दाखवून १९३९ ला पीएचडी.

मला मात्र त्यांचं मुंबईतलं काम जास्त भारी वाटतं. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम प्रोटीनच्या लांब साखळ्या कात्रीसारखं कापतं. कच्च्या वालातलं एक प्रोटीन नेमकं त्याच कात्रीत अडकून बसतं, आणि खाल्लेलं प्रोटीन नीट पचत नाही. सोहोनींनी सहकाऱ्यासोबत ते स्फटिकरूपात वेगळं काढलं; १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. वाल नीट शिजवले की या प्रोटीनची घडी बरीचशी मोडते, कात्री मोकळी होते.

१९९८ मध्ये त्या गेल्या.