कॅनॉलचा पूल आणि विश्वेश्वरय्या

आमच्या गावाच्या वेशीवरून नीरा डावा कालवा जातो. गावात मात्र त्याला कालवा कोणी म्हणत नाही, तो 'कॅनॉल'. त्यावर काळ्या घडीव दगडांचा एका कमानीचा पूल आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसे बसून त्याच्या कठड्याचे दगड गुळगुळीत झाले आहेत. कॅनॉलच्या भरावावरून एक पायवाट शाळेपर्यंत जाते. दहा वर्षे मी त्या वाटेने शाळेत गेलो. आजीच्या लग्नाचे वऱ्हाड बैलगाड्यांतून याच पुलावरून आले. पाणी सुटल्याची वर्दीही याच वाटेने येई. वरच्या वस्तीवरची पोरे ओरडत, धावत सुटत आणि बायका धुण्याची बोचकी घेऊन निघत.

हा पूल कोणी बांधला, असे मी लहानपणी आजोबांना विचारी. आजोबा ठामपणे विश्वेश्वरय्यांचे नाव सांगत. गावातले सगळेच म्हातारे तसे सांगतात. त्यामुळे डोक्याला फेटा बांधलेला, सडपातळ बांध्याचा तो इंजिनिअर आमच्या पुलावर उभा राहून गवंड्यांना सूचना देतो आहे, असे चित्र माझ्या मनात कायमचे कोरले गेले.

महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात त्यांचे चरित्र हाती पडले आणि चित्राला तडा गेला. आमचा कालवा १८८० च्या दशकातला. विश्वेश्वरय्या तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते आणि तेही दूर खानदेशात! मला वाईट वाटले. पण पुस्तक खाली ठेववेना.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. वडील संस्कृतचे विद्वान. ते लवकर वारले. घरची गरिबी. मुलाने शिकवण्या करून बंगलोरला शिक्षण घेतले आणि १८८१ मध्ये पदवी मिळवली. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, दाखल झाले. १८८३ च्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. १८८४ मध्ये इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने त्यांना असिस्टंट इंजिनिअर म्हणून घेतले. कन्नड मुलखातला हा मुलगा अशा रीतीने आपल्याकडचा झाला.

खानदेशात पांझरेच्या खोऱ्यात पाटाचे पाणी प्रवाहाखालून नळाने पलीकडे न्यायचे, म्हणजे सायफन बांधायचे, काम त्यांच्याकडे आले. भर पावसात, पूर आणि वाळू यांच्याशी झगडत त्यांनी ते पुरे केले. पुढे सिंधमध्ये सक्कर शहराला त्यांनी सिंधू नदीचे पाणी स्वच्छ करून पुरवले. १८९९ मध्ये ते पुण्याला कार्यकारी अभियंता म्हणून आले.

खडकवासल्याच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात पाणी वाहून जाई. त्यांनी स्वयंचलित दारांची योजना केली. ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडायचे. त्याहून चढले की दारे आपोआप उघडायची, ओसरले की मिटायची. १९०३ च्या सुमारास ही दारे बसली आणि धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. दारांचे पेटंट त्यांच्या नावे होते, पण सरकारकडून त्यांनी त्याचे मानधन घेतले नाही.

आणि मग नीरा कालवा! त्या दिवसांत वरच्या अंगाचे बागाईतदार उसाला बारमाही पाणी घेत. तिथली जमीन पाणथळ होई, हिवतापाने माणसे हैराण होत आणि खालची गावे कोरडी राहत. विश्वेश्वरय्यांनी यावर ब्लॉक पद्धत सुचवली. जमिनीचे गट पाडायचे, गटातल्या एका हिश्श्यातच ऊस आणि बाकीत कमी पाण्याची पिके घ्यायची, पिके फिरती ठेवायची आणि पाणी मोजून, ठरल्या वेळी द्यायचे. त्यामुळे तेच पाणी अधिक गावांना पुरणार होते. लोकांनी प्रथम विरोध केला, पण ती पद्धत नीरा कालव्यावर अमलात आली आणि दख्खनच्या कालव्यांवर रुजली.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. १९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. पुरापासून त्या शहराच्या रक्षणाची योजना त्यांनी आखली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर आणि १९१२ मध्ये दिवाण झाले. कृष्णराजसागर धरण उभे राहू लागले, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ निघाले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले, तेव्हा ते हयात होते. १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते गेले.

मित्रहो, आता एक कबुली. आमचे गाव कालव्याच्या शेपटाकडे आहे. वर सगळ्यांची तहान भागल्यावर आमची पाळी. पण आमच्याही खाली दोन गावे आहेत. मी आठवीत असताना एका उन्हाळ्यात आमचा ऊस वाळू लागला. रात्री भरावावरून नळी टाकून घरच्यांनी पाणी ओढले आणि कोणी येते का हे पाहायला मला पुलावर बसवले. कोणी आले नाही. सायफन हा शब्द मी प्रथम त्या रात्री ऐकला. चौथ्या दिवशी खालच्या गावातला माझा वर्गमित्र शाळेत आला नाही. त्यांची मोसंबीची बाग गेली होती. त्याने मला कधी काही विचारले नाही, मीही सांगितले नाही. शाळेला जाताना मात्र त्या पुलाशी आलो की माझी पावले जड होत.

ब्लॉक पद्धतीचे पान वाचताना मला ती रात्र आठवली. ज्या माणसाने आपल्या पहिल्या सायफनने पाणी पलीकडच्या शेतांना पोचवले, त्याच्याच कालव्यावर आम्ही दुसऱ्याच्या वाटचे पाणी सायफनने पळवले होते. पूल दगडाचा असतो, तो शंभर वर्षे टिकतो. पाळी ही नुसती माणसांच्या शब्दावर उभी असते. पुलावर बसलेले एक पोर ती मोडू शकते.

आजोबा आता नाहीत. पूल विश्वेश्वरय्यांनी बांधला नाही, हे त्यांना सांगायचे राहून गेले. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा त्या पायवाटेने खालच्या गावापर्यंत चालत गेलो. मित्र घरी होता. बागेच्या जागी त्याने ज्वारी केली आहे. ओट्यावर बसून मी त्याला सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून त्याने मला तांब्याभर पाणी आणून दिले.