विणकाम करणारी गुप्तहेर

सेंट मेरी मीड हे इंग्लंडमधलं एक छोटंसं गाव. एक चर्च, पोस्ट, चार-दोन दुकानं, एक डॉक्टर. कुणाकडे पाहुणा आला, कुणाची मोलकरीण काम सोडून गेली, हे संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक. आपल्यासारखंच की! पण मैत्रिणींनो, हे गाव नकाशात शोधू नका. ते फक्त पुस्तकांत आहे आणि ते वसवलं अ‍ॅगाथा ख्रिस्ती या लेखिकेनं. या गावात राहते मिस मार्पल, पांढऱ्या केसांची, लग्न न केलेली, सदा विणकाम करत बसलेली आजी. गावात खून पडतो, पोलीस गोंधळून जातात आणि कोडं सोडवते ती ही आजीबाई.

हिची जन्मदात्री होती तरी कशी? अ‍ॅगाथाचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी टॉर्की या समुद्रकाठच्या गावात झाला. आईच्या मताप्रमाणे तिचं शिक्षण बहुतेक घरीच झालं. अकरा वर्षांची असताना वडील गेले आणि घरात पैशांची ओढाताण सुरू झाली. १९१४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी आर्ची ख्रिस्ती या देखण्या लष्करी अधिकाऱ्याशी तिचं लग्न झालं. पहिलं महायुद्ध पेटलं होतं. नवरा आघाडीवर आणि ही टॉर्कीच्या रुग्णालयात, आधी जखमींच्या सेवेला आणि मग औषधं तयार करण्याच्या विभागात. कुठलं औषध किती दिलं की विष होतं, हे ती तिथं शिकली. रहस्यकथा लिहून दाखव, असं थोरल्या बहिणीनं आव्हान दिलं होतंच. त्या औषधांच्या बाटल्यांमध्ये तिला पहिली कादंबरी सापडली. काही प्रकाशकांनी ती परत पाठवली. अखेर १९२० मध्ये ती छापली गेली आणि हाती आले अवघे २५ पौंड.

यानंतर आलं १९२६ साल. त्या वर्षी तिची आई गेली. आईचं घर आवरता आवरता ती खचून गेली होती. त्यातच नवऱ्यानं सांगितलं, की त्याचा जीव दुसऱ्या मुलीवर जडलाय आणि त्याला घटस्फोट हवाय. ३ डिसेंबरच्या रात्री अ‍ॅगाथा मोटार घेऊन घराबाहेर पडली. सकाळी मोटार सापडली, आत तिचा कोटही होता, पण ती नव्हती. पोलीस, स्वयंसेवक, कुत्रे, अगदी विमानंसुद्धा तिला शोधत होती. अकरा दिवसांनी ती हॅरोगेट गावातल्या एका हॉटेलात सापडली. तिथं तिनं स्वतःचं आडनाव लिहिलं होतं नवऱ्याच्या त्या प्रेयसीचं! स्मृती गेली, असं घरच्यांनी सांगितलं. पुस्तकं खपावीत म्हणून केलेलं हे नाटक, असंही लोक म्हणाले. खरं काय ते आजवर कळलेलं नाही. तिच्या मृत्यूनंतर आलेल्या आत्मचरित्रातही त्या अकरा दिवसांचा उल्लेख नाही.

महिला मंडळाच्या कामात माझ्याकडे संसार मोडलेल्या बायका येतात. नवरा सोडून गेला तरी गाव आधी बाईलाच विचारतं, तूच काहीतरी केलं असशील. म्हणून मला अ‍ॅगाथाच्या त्या गप्प राहण्याचं फार मोल वाटतं. ती खुलासे देत बसली नाही, ती लिहीत राहिली. १९२८ मध्ये घटस्फोट झाला. लेक रोझालिंड तिच्याजवळ होती आणि खर्चही लेखणीवरच चालवायचा होता. त्याच वर्षी ती एकटीच रेल्वेनं निघाली ती थेट बगदादला.

मिस मार्पलची पहिली कादंबरी आली १९३० मध्ये. तिच्यात चर्चच्या पाद्र्याच्या घरात गावच्या एका खडूस कर्नलचा खून होतो. कर्नलची बायको एका चित्रकाराच्या प्रेमात असते आणि दोघंही वेगवेगळे येऊन गुन्हा कबूल करतात! प्रेम, मत्सर, वारसाहक्क, झाकलेली लफडी, खुनाचं मूळ घरातच असतं. बागेत पक्षी बघता बघता आजी माणसंही बघते आणि नवं माणूस भेटलं की गावातल्या कुठल्या जुन्या माणसासारखं ते वागतंय, हे ताडते. अ‍ॅगाथाची आजी अशीच होती. कुणाबद्दलही वाईट शंका घ्यायची आणि ती बहुधा खरी ठरायची. ज्याला लोक बायकांच्या चांभारचौकशा म्हणून हसतात, त्याच चौकशांना अ‍ॅगाथानं अक्कल मानलं. बारा कादंबऱ्यांतून तिनं हे दाखवून दिलं.

त्याच १९३० मध्ये तिनं मॅक्स मॅलोवान या पुरातत्त्वज्ञाशी लग्न केलं. तो तिच्याहून जवळजवळ चौदा वर्षांनी लहान! लोकांनी नावं ठेवली असतीलच, पण हा संसार शेवटपर्यंत टिकला. इराकमधल्या उत्खननात ती नवऱ्यासोबत राबायची. हजारो वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती वस्तू तिनं विणायची बारीक सुई आणि चेहऱ्याला लावायचं क्रीम वापरून साफ केल्या.

१२ जानेवारी १९७६ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी ती गेली. मागे ६६ रहस्य कादंबऱ्या आणि १९५२ पासून लंडनमध्ये चालत आलेलं एक नाटक. पुढच्याच वर्षी लंडनच्या एका रुग्णालयात एक तान्ही मुलगी अत्यवस्थ होती. डॉक्टरांना निदान होईना. अ‍ॅगाथाची एक कादंबरी वाचत असलेल्या नर्सनं लक्षणं ओळखली आणि थॅलियमच्या विषबाधेची शंका बोलून दाखवली. ती खरी निघाली आणि मुलगी वाचली.

अ‍ॅगाथाच्या काही पुस्तकांचे मराठी अनुवाद झाले आहेत. गावच्या वाचनालयात जरूर मागा. आणि ओट्यापाशी, नळावर, बसस्टॉपवर तुमच्या नजरेला काही खटकलं, शेजारची लेक गप्प गप्प झालेली दिसली, तर आपल्याला काय कळतंय म्हणून सोडून देऊ नका. तिच्याकडे जा, तिची विचारपूस करा.