कै. ताराबाई मोडक

आपल्या बीड जिल्ह्यात गावोगाव अंगणवाडी आहे. म्हणून तिच्या आद्य प्रवर्तक ताराबाई मोडक यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे कार्य केल्यावर १९४५ साली त्यांनी बोर्डी या खेड्यात केंद्र काढले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. धाकट्या भावंडांस सांभाळण्यापायी वडील मुले शाळेस मुकत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून त्यांनी विकासवाडी उभारली. पुढे कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली. या सर्व कार्यात अनुताई वाघ यांचे त्यांस अखंड साह्य होते.

१९७३ साली ताराबाई निवर्तल्या. १९७५ साली सरकारने पोषक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी व बालशिक्षण यांची एकत्रित योजना आरंभिली व तिच्या केंद्रास अंगणवाडी हेच नाव दिले.

वाचकहो, दरसाल ऊसतोडीस जाणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांची पुष्कळ लेकरे फडावर या साऱ्यास अंतरतात. जे मूल शाळेकडे येऊ शकत नाही, त्याच्याकडे शाळेनेच जावे, हा बोध आपण या चरित्रातून घ्यावा, असे आम्हांस वाटते.