देवकीनंदन खत्री : वाचक घडविणारा कथाकार



घरातला मुलगा पाठ्यपुस्तकाच्या आड गोष्टीचे पुस्तक लपवून वाचताना सापडला, तर आपण काय करतो? बहुधा ते पुस्तक हिसकावून घेतो आणि परीक्षा जवळ आल्याची आठवण देतो. असे करण्यापूर्वी ज्याची ओळख आपणांस असावी, अशा एका कथाकाराचे चरित्र येथे थोडक्यात सांगत आहे. त्यांचे नाव बाबू देवकीनंदन खत्री. १९९४ साली दूरदर्शनवर सुरू झालेली 'चंद्रकांता' ही मालिका आपल्यापैकी अनेक पालकांना आठवत असेल. मालिकेत पुष्कळ बदल केलेले होते; पण तिचा मूळ आधार म्हणजे याच लेखकाची कादंबरी होय.

देवकीनंदन यांचा जन्म १८ जून १८६१ रोजी बिहारमधील पूसा भागात, आपल्या आजोळी झाला. वडिलांचे नाव लाला ईश्वरदास. घराणे मूळचे पंजाबातले. पुढे ते काशीस येऊन स्थायिक झाले होते. त्या काळी उत्तर हिंदुस्थानात कचेरीचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे सुशिक्षित हिंदू घरांतील मुलेही प्रथम उर्दू-फारसी शिकत. देवकीनंदन यांचेही प्रारंभीचे शिक्षण असेच झाले. हिंदी, संस्कृत व इंग्रजी यांचा परिचय त्यांना पुढे काशीत झाला. ज्या लेखकासाठी पुढे लोक हिंदी शिकले, त्या लेखकाच्या शिक्षणाचा श्रीगणेशा उर्दू-फारसीने झाला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

उर्दू-फारसीबरोबर एक मोठा खजिना त्यांच्या पिढीला खुला झाला. तो म्हणजे दास्तान. अमीर हमजा यांच्या पराक्रमाच्या अद्भुत कथा दास्तानगो लोक रात्र रात्र रंगवून सांगत. लखनौचे मुन्शी नवलकिशोर यांनी या दास्ताना छापून काढण्याचे प्रचंड काम हाती घेतले. त्यांतील सर्वांत गाजलेली 'तिलिस्म-ए-होशरुबा' १८८३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिचे पहिले खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी आणि पुढचे अहमद हुसेन कमर यांनी लिहिले. छापखाना हिंदू गृहस्थाचा, लेखक मुसलमान आणि वाचक दोन्ही समाजांचे, असा तो काळ होता. आपल्या मराठीतही कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने अरबी भाषेतील सुरस कथा आणण्यात कमीपणा मानला नाही.

तारुण्यात देवकीनंदन यांनी गयेकडे व्यापार केला. नंतर ते काशीस परतले. काशीच्या महाराजांशी संबंध आल्याने त्यांना चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका मिळाला. ठेकेदाराला जंगलात हिंडावे लागते. विंध्याच्या त्या डोंगराळ मुलखात घनदाट झाडी, दऱ्या, झरे, गुहा आणि पडके किल्ले होते. लाकूडफाट्याचा हिशेब ठेवता ठेवता हा माणूस त्या भग्न वास्तूंत रमत असे. या भिंतीमागे काय असेल, हे भुयार कोठे निघत असेल, असे प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागले. पुढे तो ठेका सुटला. उत्पन्नाचे साधन गेले; परंतु डोळ्यांनी टिपलेले ते जंगल कोणी काढून घेऊ शकत नव्हते. वाचलेल्या दास्ताना आणि पाहिलेले किल्ले यांचा मेळ घालून त्यांनी लिहावयास घेतले. १८८८ च्या सुमारास 'चंद्रकांता'चा जन्म झाला.

नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांची ही कथा. नौगढ, विजयगढ, चुनारगढ ही सारी खरोखरीची ठिकाणे आहेत. कथेचा खरा प्राण मात्र अय्यार. अय्यार हा शब्द अरबी, आणि हे पात्र थेट दास्तानांतून आलेले. वेषांतर करावे, दोराची कमंद टाकून तट चढावा, शत्रूला पूड हुंगवून बेशुद्ध करावे, आपल्या माणसाला लखलखा हुंगवून शुद्धीवर आणावे, आणि ही सगळी सामग्री कमरेच्या बटव्यात बाळगावी, हे त्याचे काम. तलवारीपेक्षा त्याची बुद्धी अधिक चाले. राजकन्येची सखी चपला हीदेखील या विद्येत निष्णात आहे, हे मुलींनी अवश्य लक्षात घ्यावे.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. खलनायक क्रूरसिंहाचे दोन अय्यार नाजिम आणि अहमद हे मुसलमान दाखविले आहेत, आणि आपल्या मुलांना ते खटकू शकते. त्याच वेळी क्रूरसिंह आणि चुनारचा राजा शिवदत्त हे मुख्य शत्रू नायकाच्याच धर्माचे आहेत, हेही मुलांना दाखवावे. वाचलेल्या पुस्तकाला प्रश्न विचारणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

दास्तानांतील तिलिस्म जादूगारांनी बांधलेला असतो. खत्रींनी येथे मोठा बदल केला. त्यांच्या तिलिस्मातील दारे, पुतळे आणि भुयारे बहुधा यंत्रांच्या युक्तीने चालतात. आरंभी जे चमत्कार वाटते, त्याचा उलगडा पुढे बुद्धीला पटेल असा होतो. शिवाय हा तिलिस्म केवळ बाहुबलाने फुटत नाही. त्यासाठी एक ग्रंथ मिळवावा लागतो, तो वाचावा लागतो आणि त्यातील सूचनेबरहुकूम पाऊल टाकावे लागते. ज्याला वाचता येत नाही, त्याला खजिन्याचे दार उघडत नाही. किशोर वाचकाला यापेक्षा चांगला धडा कोणता द्यावा?

'चंद्रकांता'ला अफाट लोकप्रियता लाभली. तिच्यामागून 'चंद्रकांता संतति' चोवीस भागांत आली. १८९४ ते १९०५ अशी अकरा वर्षे ते काम चालले. १८९८ मध्ये खत्रींनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला. 'भूतनाथ' ही कादंबरी मात्र त्यांच्या हातून पुरी झाली नाही. १ ऑगस्ट १९१३ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. उरलेले भाग त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहून पूर्ण केले.

आता मुख्य मुद्दा. त्या काळात हिंदी आणि उर्दू यांचा वाद विकोपाला गेला होता. १९०० साली सरकारने कचेऱ्यांत नागरी लिपीला मान्यता दिली, तेव्हा तर दोन्ही बाजूंनी सभा आणि अर्ज यांचा पाऊस पडला. या गदारोळात खत्री कोणाशी भांडत बसले नाहीत. उर्दू जाणणाऱ्याला परकी वाटू नये अशी सोपी, बोलती हिंदी त्यांनी लिहिली, आणि ज्यांना केवळ उर्दू येत होती असे असंख्य लोक ही कथा वाचण्यासाठी नागरी अक्षरे गिरवू लागले. रामचंद्र शुक्ल हे हिंदीचे कठोर समीक्षक. त्यांनी या कादंबऱ्यांना उच्च साहित्यात स्थान दिले नाही. परंतु हिंदीला सर्वाधिक वाचक याच लेखकाने मिळवून दिले, हे त्यांनीही मान्य केले. ज्या लिपीसाठी सभा गाजत होत्या, ती लोकांनी एका गोष्टीच्या ओढीने आपखुशीने आत्मसात केली.

प्रेमचंदांचे उदाहरणही असेच आहे. त्यांचे पहिले शिक्षण मौलवींकडे झाले. 'तिलिस्म-ए-होशरुबा' वाचण्यात त्यांचे बालपण गेले. पुढे ते उर्दूत आणि हिंदीत सारख्याच योग्यतेचे लेखक झाले. अद्भुत कथांनी त्यांना बिघडविले नाही. वास्तवाचे चित्रण करण्याइतकी भाषा त्यांच्या हाती दिली.

पालकहो, आपल्या घरी कोठे उर्दू बोलली जाते, कोठे दखनी, कोठे कोकणी; शाळेत मराठी आहे आणि पुढे इंग्रजी उभी आहे. मुलाने कोणती भाषा धरावी याची चिंता आपल्याला लागलेली असते. खत्रींचे चरित्र असे सांगते की, भाषा एकमेकींच्या सवती नाहीत. एकीत मिळविलेले धन दुसरीत खर्च करता येते, आणि खर्चूनही ते कमी होत नाही. गोष्टीच्या नादाने मूल वाचू लागले, तर त्याला वाचू द्या. अभ्यासाची वेळ जरूर पाळा, मात्र पुस्तक फेकून देऊ नका.

आणि विद्यार्थी मित्रहो, एका पुस्तकापाशी थांबू नका. 'चंद्रकांता'पासून प्रेमचंदांपर्यंत जा, तेथून मराठीतील उत्तम ग्रंथांकडे वळा. आपल्या संस्थेच्या ग्रंथालयाचे कपाट हाही एक तिलिस्मच आहे. त्याची किल्ली ग्रंथपालांकडे आहे आणि ती मागणाऱ्याला मिळते.